पौलाने धर्म बदलला होता का? (पहिल्या शतकांतले ज्यू, ख्रिस्ती आणि मधले लोक)

पाथरवट

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं की संत पौल (येशूचा संदेश गैरज्यूंत नेणारा, नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा) आधी ज्यू होता, दमास्कसच्या वाटेवर येशूचं दर्शन झालं तेव्हा त्याने धर्म बदलला आणि तो ख्रिस्ती झाला, आणि त्याखाली बऱ्याच जणांनी +१ दिलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मला ते वाक्य अजिबात पटत नाही, कारण ते एकदा मान्य केलं की पुढच्या चारशे वर्षांत जे झालं ते सगळं उलटं दिसायला लागतं.

पौल दमास्कसला निघाला तेव्हा, म्हणजे इ.स. ३५ च्या आगेमागे, ख्रिस्ती नावाचा वेगळा धर्मच नव्हता, मग तो त्यात जाणार कुठून? येशू ज्यू, मरिया ज्यू, बारा शिष्य ज्यू, सगळे मंदिरात जाणारे, शब्बाथ पाळणारे, मुलांची आठव्या दिवशी सुंता करणारे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या मसीहाची आपण वाट बघत होतो तो येऊन गेला, मारला गेला आणि उठला. 'ख्रिस्ती' हे नाव अंत्युखियात (तेव्हाचं सिरियातलं मोठं शहर) पहिल्यांदा पडलं असं नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, पण पौलाच्या एकाही पत्रात ते येत नाही. तो स्वतःची ओळख करून देतो ती इस्राएली, बन्यामिनाच्या वंशातला, आठव्या दिवशी सुंता झालेला, परुशी (मोशेचं नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला) अशी.

त्याच्याच पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपले हाल सांगताना तो म्हणतो की यहुद्यांकडून मला ५ वेळा ३९ फटके बसले. ही सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) द्यायची शिक्षा होती, नियमशास्त्रात ४० ची मर्यादा म्हणून एक कमी. आता विचार करा, पौल फिरता माणूस, गैरज्यू लोकांत उठबस असलेला, 'माझा तुमच्या सभास्थानाशी काही संबंध नाही' म्हणून तो सरळ दुसऱ्या गल्लीत राहायला जाऊ शकला असता. तो गेला नाही, पाठ उघडी करून उभा राहिला आणि तेही पाच वेळा. ज्याने धर्म सोडलाय तो जुन्या धर्माच्या पंचांपुढे पाचव्यांदा फटके खायला येत नाही हो.

आणि धर्मांतर म्हणजे काय हे त्या काळातल्या लोकांना नीट माहीत होतं, फक्त ते उलट्या दिशेने चालायचं, गैरज्यू माणूस ज्यू व्हायचा. योसेफस या ज्यू इतिहासकाराने अदियाबेनच्या राजाची हकीकत दिलीये (अदियाबेन म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या एरबिलच्या आसपासचं राज्य). इझातेस तरुण असताना अनन्या नावाच्या एका ज्यू व्यापाऱ्याकडून त्याला इस्राएलच्या देवाबद्दल कळलं, इकडे त्याची आई हेलेना दुसऱ्याच एका ज्यू माणसाकडून शिकून आधीच त्या वाटेला लागलेली. राजा झाल्यावर इझातेसने ठरवलं की आता सुंता करून घ्यायची म्हणजे पक्कं ज्यू झालो. आई घाबरली की प्रजा परक्या रीतीचा राजा चालवून घेणार नाही. अनन्याही घाबरला, त्याला वाटलं सगळं आपल्यावर येईल, म्हणून त्याने सांगितलं की सुंतेशिवायही देवाची भक्ती करता येते, देव समजून घेईल. राजा गप्प बसला. मग गालीलातून एलाझार नावाचा शास्त्रात पक्का माणूस आला, राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला त्याला दिसला, आणि तो म्हणाला की नुसतं वाचत किती दिवस बसणार, त्यात लिहिलंय ते कर की. इझातेस उठला, दुसऱ्या खोलीत गेला, वैद्याला बोलावलं आणि सुंता करून घेतली, आणि मग आईला आणि अनन्याला निरोप पाठवला की झालं.

हे सगळं पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे बरोब्बर पौलाच्या काळात. म्हणजे 'सुंतेशिवाय चालेल' म्हणणारा अनन्या आणि 'चालणार नाही' म्हणणारा एलाझार हे दोघंही ज्यूच, येशूचा दोघांनाही पत्ता नाही. इ.स. ४८-५० च्या सुमारास यरुशलेमात पेत्र (येशूचा प्रमुख शिष्य), याकोब (येशूचा भाऊ, तिथल्या मंडळीचा म्हणजे विश्वासी लोकांच्या समुदायाचा पुढारी), पौल आणि त्याचा सोबती बर्णबा बसले आणि वाद घातला तो हाच. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या ग्रीक-सिरियन माणसाने आधी सुंता करून ज्यू व्हायचं का? निकाल झाला की नाही, मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म एवढं टाळा म्हणजे झालं. हे नियम जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात इस्राएलात राहणाऱ्या परदेशी माणसासाठी दिलेत त्यांच्याशी बरेच जुळतात, म्हणजे गैरज्यूंना गैरज्यू म्हणूनच आत घेतलं. ज्यूंनी काय सोडायचं हा प्रश्न त्या बैठकीत आलाच नाही!

त्यानंतरचं भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अंत्युखियात ज्यू आणि गैरज्यू विश्वासी एका पंगतीला बसत, पेत्रही बसायचा. मग याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र हळूच बाजूला झाला, त्याच्या मागोमाग बाकीचे ज्यू, अगदी बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात आहे. येशू कोण यावर त्या दोघांचं एकमत होतं, फाटलं ते कोणी कोणाबरोबर जेवायचं यावर. माझं म्हणणं असं की पुढच्या चार शतकांत 'ज्यू कोण, ख्रिस्ती कोण' हे बऱ्याच अंशी ताट, कर आणि सणाची तारीख यांनी ठरवलं, आणि सामान्य माणसं मात्र दोन्हीकडे जात येत राहिली, त्यांना कोणी विचारलंच नाही.

तुम्हाला काय वाटतं लिहा.

मीनल_के

वाचतेय, मस्त विषय. पंगतीचा मुद्दा आपल्याला जितका पटकन कळेल तितका युरोपियन वाचकाला कळणार नाही, पंक्तिभेद काय असतो हे आपल्या आजीपणजीने रोज बघितलंय.

एक शंका. पौल सुंतेच्या एवढा विरोधात होता तर त्यानेच तीमथ्य या आपल्या सहकाऱ्याची सुंता केली ना? मग हे कसं काय?

वसईकर

धागा चांगला आहे पण मूळ मुद्द्याला माझा विरोध नोंदवतो. आमच्याकडे २५ जानेवारीला संत पौलाच्या परिवर्तनाचा सण असतो, चर्चने तो उगाच ठेवलेला नाही. पौल फिलिप्पैकरांना स्वतः लिहितो की हे सगळं, म्हणजे वंश, सुंता, परुशीपण, ख्रिस्तापुढे मी केरकचरा समजतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर म्हणतो यहुद्यांना मी यहुद्यासारखा झालो, जे नियमशास्त्राखाली नाहीत त्यांना त्यांच्यासारखा झालो. जो माणूस ज्यू आहेच तो 'ज्यू झालो' असं का म्हणेल? तुम्ही ३९ फटक्यांचं लिहिलंत ते जबरदस्त आहे, मला आवडलं, पण त्यावरून फार तर एवढं म्हणता येईल की सभास्थानाने त्याला आपला मानला. त्याने स्वतःला काय मानलं हा वेगळा प्रश्न. दमास्कसच्या वाटेवर काहीच बदललं नाही असं म्हणणं मला श्रद्धावान म्हणून आणि वाचक म्हणूनही पटत नाही.

पाथरवट

@मीनल_के, तीमथ्याची आई ज्यू होती, बाप ग्रीक. म्हणजे पौलाच्या हिशोबात तो ज्यूच, फक्त सुंता राहून गेलेली. आणि तीत नावाचा त्याचा दुसरा सहकारी पूर्ण ग्रीक, त्याची सुंता करायला पौलाने यरुशलेमात ठाम नकार दिला. दोन्ही एकत्र ठेवून बघ, ज्यूने ज्यूसारखं राहावं आणि गैरज्यूने ज्यू होऊ नये, दोघं एकाच ताटाला बसावेत. सुंतेला त्याचा विरोध होता तो फक्त गैरज्यूंवर ती लादण्यापुरता.

@वसईकर, बदललं, प्रचंड बदललं, आयुष्य उलथंपालथं झालं त्याचं, त्याबद्दल वाद नाही. गलतीकरांच्या पत्रात तो ते सांगतो तेव्हा यिर्मया या जुन्या करारातल्या संदेष्ट्यासारखी भाषा वापरतो, आईच्या उदरात असल्यापासून मला वेगळं काढलं आणि बोलावलं. म्हणजे संदेष्ट्याला पाचारण होतं तसं. केरकचऱ्याचं म्हणाल तर तो हे म्हणतो ते ख्रिस्ताच्या तुलनेत, आणि त्याच माणसाने रोमकरांच्या पत्रात विचारलंय की देवाने आपल्या लोकांना टाकलं का, आणि उत्तर दिलंय की मुळीच नाही, मी स्वतः इस्राएली आहे. 'होतो' नाही म्हणत, 'आहे' म्हणतो. त्याच अध्यायात जैतुनाच्या झाडाचं आहे, गैरज्यू म्हणजे रानटी फांदी, ती मूळ झाडावर कलम केलीये, आणि पुढे तो गैरज्यूंना दम देतो की फुशारकी मारू नका, मुळाला तुम्ही धरलेलं नाहीये, मुळाने तुम्हाला धरलंय. पुढच्या शतकांत हे वाक्य किती जणांनी विसरून टाकलं ते बघितलं की वाईट वाटतं.

'यहुद्यासारखा झालो' हे मात्र खरंच अवघड वाक्य आहे, तिथे तुमचा मुद्दा तगडा आहे. मी ते कोणाच्या घरी कसं वागायचं या अर्थाने वाचतो, कारण वाक्याचा रोख लोकांना जिंकण्यावर आहे.

चिन्मय८१

ताटाचं झालं, कराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, हा माझा आवडता भाग आहे.

इ.स. ७० ला रोमन सेनापती टायटसने यरुशलेमचं मंदिर जाळलं. तोपर्यंत जगभरचे ज्यू पुरुष वर्षाला अर्धा शेकेल त्या मंदिरासाठी पाठवत. त्याचा बाप, सम्राट वेस्पासियनने काय केलं, तो पैसा बंद नाही केला, तोच वळवून रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिराकडे नेला, वर्षाला २ द्राख्मे, आणि आता बायकामुलांवरसुद्धा. म्हणजे ज्या देवाला तुम्ही मानत नाही त्याच्या देवळासाठी दरवर्षी पैसे भरायचे, आणि ते भरले की बाकी ज्यू म्हणून जगायची मुभा. अपमान बघा केवढा! इजिप्तमध्ये एडफूला या कराच्या पावत्या सापडल्यात, मडक्याच्या खापरांवर लिहिलेल्या, नाव, रक्कम, वर्ष.

आता ओळख हा वसुलीचा विषय झाला. ज्यू कोण हे कर अधिकारी ठरवणार. पुढे सम्राट डोमिशियनच्या काळात हे फारच कडक झालं, जे ज्यू रीतीने राहतात पण कबूल करत नाहीत आणि जे मूळचे ज्यू आहेत पण लपवतात अशा दोघांच्याही मागे लागले. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की तो लहान असताना त्याने डोळ्यांनी बघितलं, भरल्या कचेरीत ९० वर्षांच्या म्हाताऱ्याला उघडं करून त्याची सुंता झालीये का ते तपासलं. त्या कचेरीत उभ्या असलेल्या येशूला मानणाऱ्या ज्यू माणसाचा विचार करा, तो काय सांगणार? ज्यू म्हटलं तर कर, नाही म्हटलं तर मग तू रोमच्या देवांपुढे धूप का जाळत नाहीस हा प्रश्न, कारण ती सवलत ज्यूंनाच होती. आणि गैरज्यू ख्रिस्ती तर दोन्हीकडून उघडा पडला.

इ.स. ९६ मध्ये सम्राट म्हणून नर्व्हा आला आणि त्याने नाणं काढलं, खजुराचं झाड आणि भोवती लेख, ज्यू कराच्या बाबतीतले खोटे आरोप बंद केले असा. कर चालूच राहिला, पण त्यानंतर ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातला फरक रोमन लोकांनाही दिसायला लागला असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं. मला तर वाटतं दोन धर्म वेगळे करण्यात धर्मगुरूंच्या इतकाच वाटा या वसुलीवाल्यांचा आहे.

रेवा

सगळी चर्चा सुंतेभोवती चाललीये म्हणजे अर्धी माणसं बाहेरच राहिली. बायकांचं काय? बाई ज्यू किंवा ख्रिस्ती कशी व्हायची?

पाथरवट

चिन्मय, जबरदस्त प्रतिसाद.

रेवा, फार महत्त्वाचा प्रश्न. बाईला अंगावर खूण नव्हती, त्यामुळे तिचं येणं-जाणं सोपं होतं आणि म्हणूनच नोंदीत कमी सापडतं. फिलिप्पैमध्ये पौलाला पहिली भेटली ती लुदिया, थुवतीराची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी, ती आधीच इस्राएलच्या देवाचं भय बाळगणारी होती, म्हणजे ज्यू न होता त्या देवाची भक्ती करणारी. असे लोक शहराशहरांत होते. तुर्कस्तानात अफ्रोडिसियासला १९७६ मध्ये एक दगडी खांब सापडला, त्यावर ज्यू समाजाच्या कुठल्यातरी कामाला हातभार लावणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात ज्यू वेगळे, धर्मांतर करून ज्यू झालेले मोजके तिघं, आणि देवाचं भय बाळगणारे पन्नासहून जास्त! त्यातले ९ जण तर नगरसभेचे सदस्य. हा खांब बराच नंतरचा आहे, पण कुंपणावर बसलेल्यांची संख्या किती होती ते त्यावरून कळतं. पौलाला बहुतेक श्रोते याच लोकांतून मिळाले.

आणि रोममधली एक बाई सांगतो. बेतुरिया पाउला. तिच्या शवपेटीवर लिहिलंय की ती ८६ वर्षं ६ महिने जगली, त्यातली १६ वर्षं ज्यू म्हणून, नाव सारा ठेवलं, आणि दोन सभास्थानांची ती 'माता' होती. गणित करा, साधारण सत्तरीत तिने धर्म बदलला. वाढलेली सगळी रोमन देवांत, आणि त्या वयात नवं नाव घेऊन दोन सभास्थानांचा मान मिळवला. धर्मांतर हा शब्द तिला शोभतो.

आलिबाग_ते_अश्दोद

नमस्कार, बरेच महिने नुसती वाचत होते, या धाग्यावर राहवलं नाही. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर सासर दोन्ही अलिबाग तालुक्यातलं, आता इस्राएलात अश्दोदला असते.

पाथरवट, तुमचं 'ताट, कर, तारीख' वाचून आमचीच गोष्ट आठवली म्हणून लिहिते. कोकणात आमच्या लोकांची हिब्रू गेली, तालमूद (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) माहीत नाही, रब्बी (धर्मगुरू) नाहीत, पण सुंता आठव्या दिवशी, शेमा (ज्यूंची मुख्य प्रार्थना) पाठ, मासळी घ्यायची तर खवल्याची, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून नाव पडलं शनिवार तेली. एवढ्यावर समाज टिकला. १९व्या शतकात मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि अमेरिकन मिशनचे लोक आले, त्यांनी शाळा काढल्या, हिब्रू शिकवलं, मराठीतून जुना करार हातात दिला. त्यांची इच्छा आम्ही ख्रिस्ती व्हावं ही होती, पण झाले फार थोडे. आमचे लोक त्या शाळांत शिकून उलट जास्त पक्के ज्यू झाले. मला त्या मिशनऱ्यांबद्दल राग नाही, कृतज्ञताच आहे, पण हेही खरं आहे.

आणि मग आम्ही इथे आलो तर १९६२ मध्ये लग्नाच्या वेळी रब्बींनी आमच्या आजीपणजीची चौकशी सुरू केली, तुम्ही पूर्ण ज्यू का म्हणून. १९६४ मध्ये मोठं आंदोलन झालं तेव्हा ते मागे घेतलं. त्यामुळे 'तू कोण' हे दुसऱ्याने कचेरीत बसून विचारणं काय असतं ते आमच्या घरात माहितीये. त्या ९० वर्षांच्या म्हाताऱ्याचं वाचून पोटात कालवलं.

मीनल_के

ताई, लिहीत राहा प्लीज. शनिवार तेली माहीत होतं पण हे असं जोडून कधी वाचलं नव्हतं.

गोदाकाठ

मग नेमकं फुटलं कधी? आमच्या कॉलेजात शिकवलं की इ.स. ७० ला मंदिर पडलं आणि ज्यू ख्रिस्ती वेगळे झाले. कोणी १३५ म्हणतं, कोणी ३२५ ची निकेया परिषद (बिशपांची मोठी सभा). योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूला मानणाऱ्यांना सभास्थानातून बाहेर काढल्याचं स्पष्ट आहे, म्हणजे पहिल्या शतकातच हकललं ना?

पाथरवट

एक तारीख देणं शक्य नाही, आणि जो कोणी देतो तो एखाद्या गावाची तारीख सगळ्या जगाला लावतो. योहानाच्या मंडळीला बाहेर काढलं असेल, मान्य. पण त्याच वेळी दुसऱ्या गावात ते शेजारी शेजारी होते.

रब्बींच्याच परंपरेतला एक प्रसंग बघा, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. एलाझार बेन दामा नावाच्या माणसाला साप चावला. याकोब नावाचा येशूला मानणारा एक ज्यू धावत आला, येशूच्या नावाने त्याला बरं करायला. बेन दामाचा मामा रब्बी इश्माएल तिथे होता, तो म्हणाला परवानगी नाही. बेन दामा म्हणाला मामा, हे चालतं याचा शास्त्राधार मी देतो, थांबा. आधार देईपर्यंत विष चढलं आणि तो गेला. इश्माएल म्हणाला धन्य आहेस, विद्वानांनी घातलेलं कुंपण तू मोडलं नाहीस. मला हा प्रसंग भयंकर वाटतो. भाचा मरतोय आणि कुंपण महत्त्वाचं, हे एक. पण दुसरंही बघा, साप चावल्यावर पहिला धावत कोण आला? याकोब. म्हणजे तो हाकेच्या अंतरावर होता, आणि मरणाऱ्या माणसाला त्याच्याकडून औषध घेण्यात काही वावगं वाटत नव्हतं. नियम करावा लागला कारण लोक सर्रास जात होते.

मग १३२ ते १३५ चं ज्यूंचं रोमविरुद्धचं बंड, पुढारी बार कोखबा. बार कोखबाला मसीहा मानायचं तर येशूला सोडावं लागणार, आणि जस्टिन हा त्या काळातला ख्रिस्ती लेखक लिहितो की त्याने येशूला न नाकारणाऱ्यांना कठोर शिक्षा केल्या. बंड चिरडल्यावर सम्राट हेड्रियनने यरुशलेमात ज्यूंना बंदी केली. चर्चचा इतिहास लिहिणारा युसेबियस सांगतो की तोपर्यंत तिथले १५ बिशप सगळे सुंता झालेले ज्यू होते, त्यानंतर पहिला गैरज्यू बिशप मार्कस. म्हणजे ज्यूंची ती मूळ मंडळीच गेली. मला विचाराल तर सगळ्यात मोठा घाव हा, कारण ज्यांना दोन्ही असणं शक्य वाटत होतं त्यांचं घर गेलं.

आणि तरीसुद्धा संपलं नाही. ३८६ सालची गोष्ट, पुन्हा अंत्युखियाच, पेत्र-पौलाच्या भांडणाला सव्वातीनशेहून जास्त वर्षं झालीत, राज्य आता ख्रिस्ती सम्राटांचं. योहान क्रिसोस्तोम हा तिथला ख्रिस्ती धर्मगुरू प्रवचनामागून प्रवचनं करतोय, ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी भाषेत, पुढे शतकानुशतकं ज्यूंच्या छळासाठी वापरली गेलेली. पण त्याचा राग कोणावर आहे? आपल्याच ख्रिस्ती लोकांवर! ते ज्यूंच्या नववर्षाला तुतारी ऐकायला सभास्थानात जातात, त्यांचे उपास धरतात, शेजारच्या दफ्ने या उपनगरातल्या सभास्थानात बरं व्हायला म्हणून रात्री झोपतात. तो सांगतो की एका ख्रिस्ती माणसाने एका बाईला व्यवहाराच्या तंट्यात शपथ घ्यायला ओढत सभास्थानात नेलं, क्रिसोस्तोम मध्ये पडला आणि विचारलं चर्चमध्ये का नेत नाहीस, तर तो म्हणाला तिथली शपथ जास्त कडक असते असं लोक सांगतात. ख्रिस्ती माणसाला ज्यूंच्या सभास्थानातला देव जास्त जागृत वाटतोय. त्याच शतकात लाओदिकेयाच्या परिषदेला नियम करावे लागले की ख्रिस्त्यांनी शब्बाथला सुट्टी घेऊ नये, ज्यूंकडून सणाची बेखमीर (न आंबवलेली) भाकर घेऊ नये. शेजारच्या घरून ताट येत होतं म्हणूनच ना हा नियम?

वसईकर

तारखेबद्दल मी भर घालतो. आशिया प्रांतातल्या मंडळ्या ईस्टर पाळायच्या तो ज्यूंच्या निसान महिन्याच्या १४ तारखेला, वल्हांडणाच्याच (ज्यूंच्या इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) दिवशी, वार कोणताही असो. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमला गेला तेव्हा पोप अनिसेतसशी त्याचं यावर पटलं नाही, तरी दोघांनी एकत्र मिस्सा केली आणि शांततेत निरोप घेतला. पुढे १९० च्या सुमारास पोप व्हिक्टरने त्या मंडळ्यांना बहिष्कृत करायचा घाट घातला, तर इरेनियस या बिशपने त्याला अडवलं. निकेयानंतर कॉन्स्टंटाईनने पत्र लिहिलं त्यात सरळ होतं की या सणाबाबत ज्यूंशी आपलं काही समान नको. पॉलिकार्पच्या मिस्सेपासून त्या पत्रापर्यंत दोनशे वर्षंही झाली नव्हती.

मूळ मुद्द्यावर मी अजूनही माझ्या जागी आहे, पौलाचं परिवर्तन हे परिवर्तनच. पण तो ज्यू राहिला हे मी नाकारत नाही, आणि क्रिसोस्तोम आमच्याकडे संत आहे तरी ती प्रवचनं मला वाचवत नाहीत.

चिन्मय८१

सत्ता आल्यावर काय झालं याचं एक उदाहरण, ४१८ साल, मिनोर्का बेट, स्पेनजवळ. बिशप सेवेरसने स्वतः पत्र लिहून अभिमानाने सांगितलंय. पहिला ख्रिस्ती हुतात्मा संत स्तेफन याच्या अस्थी बेटावर आल्या, लोकांना जोर चढला, सभास्थान जाळलं. आठ दिवसांत ५४० ज्यू ख्रिस्ती झाले. ज्यूंचा पुढारी थिओडोरस, बेटावरचा सगळ्यात वजनदार माणूस. जमाव ओरडत होता 'थिओडोरस, ख्रिस्तावर विश्वास ठेव', आणि लांब उभ्या असलेल्या ज्यूंना ऐकू आलं 'थिओडोरसने विश्वास ठेवला', आणि ते घाबरून सैरावैरा पळाले, काही डोंगरात. आधीच बदललेला रूबेन त्याला सांगतो की मान, सुरक्षितता, संपत्ती हवी असेल तर माझ्यासारखा हो. सगळ्यात शेवटपर्यंत अडून राहिल्या त्या बायका, थिओडोरसची भावजय आर्टेमिशिया तर घर सोडून गुहेत जाऊन राहिली. रेवा, हे तुझ्या प्रश्नाला.

मांडवी

मिनोर्काचं वाचून गोव्याचं आठवणं साहजिक आहे. गार्सिया द ओर्ता, पोर्तुगालच्या 'नव्या ख्रिस्ती' घराण्यातला, म्हणजे जबरदस्तीने बाटवलेल्या ज्यूंचा वंशज. गोव्यात मोठा वैद्य, औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. १५६८ ला वारला, पुढच्याच वर्षी बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली, लपून ज्यू धर्म पाळत होता म्हणून. धर्म बदलूनही पिढ्यानपिढ्या संशय सुटला नाही.

गोदाकाठ

बार कोखबानंतर 'घर गेलं' असं तुम्ही म्हणालात पाथरवट, पण माणसं तर उरली असतील ना? ज्यू राहून येशूला मानणारे? त्यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणायचे?

पाथरवट

उरले, सिरियात आणि यार्देन नदीच्या पलीकडे. एक गट एबियोनी, इरेनियस सांगतो की ते पौलाला धर्मद्रोही म्हणायचे आणि फक्त मत्तयाचं शुभवर्तमान वाचायचे. दुसरा नासोरी, बेरियाला म्हणजे आजच्या अलेप्पोला आणि पेल्लाच्या बाजूला. एपिफानियस या बिशपने चौथ्या शतकात त्यांना पाखंड्यांच्या यादीत घातलं, पण आरोप काय केला बघा, ख्रिस्ताबद्दल ते काय मानतात त्यावर त्याला ठामपणे काही बोट ठेवता आलं नाही, शब्बाथ आणि सुंता पाळतात हाच मुख्य गुन्हा. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमने बिशप ऑगस्टीनला पत्रात लिहिलं की यांना ज्यूही व्हायचंय आणि ख्रिस्तीही, म्हणून ते ज्यूही नाहीत आणि ख्रिस्तीही नाहीत. आणि हाच जेरोम त्यांच्याकडून हिब्रू शुभवर्तमान नकलून घेतो!

पण याच्या दोन-अडीचशे वर्षं आधी वेगळं उत्तर दिलेलं होतं. जस्टिनच्या संवादात त्रिफो नावाचा ज्यू त्याला सरळ विचारतो, एखादा माणूस येशूला ख्रिस्त मानतो आणि मोशेचं नियमशास्त्रही पाळतो, तो तरेल का? जस्टिन म्हणतो माझ्या मते तरेल, जोवर तो दुसऱ्यांवर ते लादत नाही. त्रिफो लगेच पकडतो, 'तुझ्या मते' म्हणजे? असं न मानणारेही आहेत का? जस्टिन कबूल करतो की आहेत, काहीजण अशा लोकांशी बोलायला किंवा त्यांना घरी घ्यायलाही तयार नसतात, पण मी त्यांच्याशी सहमत नाही, अशा माणसाला भाऊ म्हणून जवळ करावं. हे साधारण १६० सालचं. पुढे चर्चने जस्टिनला संत केलं, पण या प्रश्नावर त्याचं ऐकलं नाही.

अश्दोदच्या ताई, अलेप्पोच्या पूर्वेला, पर्शियन राज्यात, सिरियाक बोलणाऱ्या ख्रिस्त्यांत अफ्राहात नावाचा लेखक होऊन गेला, चौथ्या शतकातला. ज्यूंशी वाद घालतो पण क्रिसोस्तोमसारखं विष नाही, शेजाऱ्याशी शास्त्र काढून बसल्यासारखा घालतो, आणि तिथे सम्राट ख्रिस्ती नव्हता हे त्याचं एक कारण असावं. त्याच्यावर वेगळा धागा काढतो, तिथे तुमचा हिब्रूचा हात लागेल.